विजापूर : एक दिवसाची सफर, एका प्रश्नाचे उत्तर

सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला वर्गातल्या एका मैत्रिणीने सहज विचारले, "तुम्ही मुसलमान ना? मग घरी मराठी कसं बोलता?" मुलगी घरी आली ती गप्पच. मलाही एका वाक्यात उत्तर देता आले नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विजापूरला गेलो, तेव्हा त्या उत्तराचा धागा हाती लागला.

सोलापूरहून विजापूर, म्हणजे आताचे विजयपुरा, सुमारे १०० किलोमीटर. पहाटे फज्रनंतर निघालो. सोबत सासूबाई होत्या. त्यांना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो.

सर्वांत आधी गोलघुमट. सकाळी लवकर गेले तरच तिथे शांतता मिळते. मुहम्मद आदिलशहाचा (१६२७–१६५६) हा मकबरा. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि एवढ्या छताखाली मध्ये एकही खांब नाही. एकमेकींत गुंतलेल्या कमानींनी हा भार पेलला आहे. कोपऱ्यातल्या मिनारातून अरुंद जिने चढून वरच्या सज्जात गेलो. भिंतीशी तोंड नेऊन मुलगी पुटपुटली, "अब्बा, ऐकू येतंय?" समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या यांना ते स्पष्ट ऐकू आले.

अम्मींना जिने झेपणारे नव्हते, त्या खालीच थांबल्या. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरींच्या केवळ खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. अम्मींनी फातेहा सुरू केली. तेवढ्यात वरून किंकाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येक आवाज अनेकदा घुमून खाली येत होता. आम्ही उतरलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "कबरस्तानात कुणी असं ओरडतं का गं?" आपलीही मुले त्या ओरडण्यात होती, हे मला तिथे कबूल करावे लागले. मुलांना वर नेण्याआधी ही जागा काय आहे, हे सांगणे आपले काम.

समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असते, म्हणून बेत आखताना वार पाहावा. अरबी, फारसी, संस्कृत आणि कन्नड शिलालेख इथे एकाच छताखाली आहेत. मुलीच्या प्रश्नावर यांनी तिथेच बोलायला सुरुवात केली. आदिलशाहीत महसुलाचे आणि गावपातळीवरचे कितीतरी कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाच्या दफ्तरातून फारसी काढून इथल्या भाषेला जागा दिली, असे फरिश्ता हा इतिहासकार नोंदवतो. दुसऱ्या इब्राहिमने (१५८०–१६२७) तर संगीतावरचा 'किताब-ए-नवरस' दख्खनीत रचला.

इथल्या सूफी परंपरेतून 'चक्कीनामे'ही निघाले. बायकांनी दळताना म्हणायची दख्खनी गाणी, ज्यांत जात्याच्या फेऱ्याला अल्लाहच्या जिक्रची जोड दिलेली असे. हे ऐकताच अम्मी खुलल्या. "आमच्या आईच्या जात्यावर अल्लाह-रसूलचं नाव आणि माहेरची आठवण एकाच ओवीत यायची. आणि ओवी मराठीच असायची."

जोहरला जामा मशिदीत पोहोचलो. पहिल्या अली आदिलशहाने हिचे काम सुरू केले. फरशीवर २,२५० मुसल्ले आखलेले आहेत आणि मेहराबीवरचे सोनेरी नक्षीकाम पाहतच राहावे असे आहे. अम्मी कमानीच्या सावलीत तसबीह फिरवत बसल्या.

भूक लागली होती. एका साध्या खानावळीत ज्वारीची पातळ भाकरी, भरल्या वांग्याचे 'एण्णगाई', शेंगाचटणी आणि घट्ट दही असे ताट आले. चव ओळखीचीच, सोलापूरच्या ताटापासून फार लांब नाही. मालक कानडी, आम्ही मराठी. पण अम्मी आणि तो दख्खनीत बोलू लागले आणि चटणी दुसऱ्यांदा वाढली गेली.

दुपारी मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. सिंहाच्या जबड्यात हत्ती, असे तिचे तोंड. ही १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. शेवट इब्राहिम रौजाने केला. एकाच चौथऱ्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर, मध्ये हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अरबी अक्षरे कोरलेली, त्यांतून ऊन आत येते. मात्र काही भिंतींवर हौशी लोकांनी नावे खरडलेली. मुलगी म्हणाली, "ही पुसता येत नाहीत का?"

असरची नमाज करून परतीला लागलो. गाडीत मुलगी अम्मींच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "दादी, ती ओवी मला शिकव ना. शाळा उघडली की तिला म्हणून दाखवते."

अम्मींना दोनच ओळी आठवल्या. उरलेल्या त्यांच्या बहिणीला येतात. पुढच्या रविवारी, इन्शाअल्लाह, तिच्याकडे जायचे ठरले आहे.