आधी मिनी पीसीची पाठ पाहा, मग पडदा निवडा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. हरभट रोड, गणपती पेठ, मारुती चौक या भागांत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. माल भिजला, चोपड्या भिजल्या आणि टेबलाखाली ठेवलेले सीपीयूही गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी चढायच्या आत सामान माळ्यावर हलवायचं तर जुना सीपीयू, बावीस इंची मॉनिटर, यूपीएस आणि वायरींचा गुंता हे दोघांचं काम होतं, आणि नेमक्या त्या वेळी दुसरा माणूस घरच्यांना हलवत असतो.

नदीकाठच्या पेठेत हिशेब ठेवणाऱ्याने मिनी पीसी आणि पोर्टेबल मॉनिटर या जोडीचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. मिनी पीसी म्हणजे पाव किलो मिठाईच्या बॉक्सएवढा संगणक. २०२४ च्या अखेरीस आलेला ॲपलचा मॅक मिनी जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच आहे. वजन पाऊण किलोच्या आत. पंधरा इंची पोर्टेबल मॉनिटरही साधारण पाऊण ते एक किलोचा. की-बोर्ड, माउस आणि दोन अडॅप्टर धरले तरी सगळं एका पाठीवरच्या बॅगेत बसतं.

पुराशिवायही कारणं आहेत. सातारा आणि सांगलीमधलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण दोन्हीकडे पाय असलेली घरं पुष्कळ. रयत शिक्षण संस्थेच्या शाखा दोन्ही जिल्ह्यांत आहेत. बदली झाली की शिक्षकाचं बिऱ्हाड कोरेगावहून तासगावला, तासगावहून कराडला जातं. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात बसणारा, एरवी गावी असणारा हिशेबनीस आहे. विट्या-आटपाडीकडचे गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातले लोक परराज्यांत राहतात आणि यात्रेला, दिवाळीला गावी येतात. दोन्ही ठिकाणी एकच संगणक हवा आणि लॅपटॉप नको, कारण की-बोर्ड बिघडला तर फक्त की-बोर्ड बदलता यावा आणि पडदा फुटला तर फक्त पडदा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही जोडी आहे.

संगणक जागचा हलणारच नसेल, तर मात्र पोर्टेबल मॉनिटर घेऊ नका. त्याच पैशांत किंवा त्याहून कमीत चोवीस इंची साधा मॉनिटर मिळतो. तो मोठा असतो, योग्य उंचीवर बसतो आणि डोळ्यांना बरा पडतो. वाहून नेण्याची सोय हवी असेल तरच तिचे पैसे मोजावेत.

पोर्टेबल मॉनिटर मुळात लॅपटॉपसाठी घडवलेले असतात. एकच टाइप-सी केबल जोडा, त्यातूनच चित्र आणि त्यातूनच वीज, अशी त्यांची जाहिरात असते. लॅपटॉपच्या बाबतीत ती बऱ्याचदा खरी ठरते, मिनी पीसीच्या बाबतीत बऱ्याचदा ठरत नाही. टाइप-सी हा फक्त सॉकेटचा आकार आहे. आतून काय जातं ते कंपनी ठरवते. काही सॉकेटमधून नुसता डेटा जातो. चित्र जायला त्यात डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड लागतो. मॅक मिनीचंच उदाहरण घ्या. त्याला पुढे दोन आणि मागे तीन टाइप-सी सॉकेट आहेत. मागच्या तिन्हींतून चित्र मिळतं, पुढच्या दोन्हींतून मिळत नाही. एकाच डब्यावर, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या सॉकेटमध्ये एवढा फरक आहे. स्वस्त मिनी पीसींवर तर टाइप-सी असलं तरी ते डेटापुरतंच असण्याची शक्यता मोठी. सॉकेटशेजारी इंग्रजी डी-पीची खूण किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली आहे का ते बघा. खूण नसेल तर माहितीपत्रकात ‘डिस्प्ले आउटपुट’ची ओळ शोधा.

चित्र देणारं टाइप-सी नसेल तर एचडीएमआय वापरायचं, आणि त्यालाही हरकत नाही. फक्त मग मॉनिटरला दोन केबली लागतात: चित्राला एचडीएमआय, विजेला टाइप-सी. इथे एक अडचण नीट समजून घ्या. काही चांगल्या मॉनिटरना एचडीएमआय नसतंच. लेनोव्होचा थिंकव्हिजन एम-१४ हा हलका आणि नेटका मॉनिटर आहे, पण त्याला फक्त दोन टाइप-सी आहेत. एचडीएमआयच्या मिनी पीसीला तो सरळ जोडता येत नाही. बाजारात सहज मिळणारी टाइप-सी ते एचडीएमआय केबल इथे उलटी लावून चालत नाही, कारण ती एकाच दिशेने चालते: संगणकाच्या टाइप-सीतून टीव्हीच्या एचडीएमआयकडे. उलट दिशेचा कन्व्हर्टर वेगळा येतो आणि त्याला बहुधा स्वतःची वीज लागते. त्यापेक्षा एचडीएमआय असलेला मॉनिटरच घ्यावा.

एचडीएमआयचेही आकार तीन. मिनी पीसीवर बहुधा मोठं असतं, पोर्टेबल मॉनिटरवर बहुधा मिनी आणि रास्पबेरी पाय-५ या छोट्या संगणकावर मायक्रो. मोठ्या-ते-मिनी केबल मॉनिटरच्या खोक्यात येते. तालुक्याच्या ठिकाणी तीच तुटली तर लगेच मिळेलच असं नाही. घेतानाच एक जादा घेऊन ठेवा. यूएसबीतून चित्र काढणारे स्वस्त अडॅप्टरही मिळतात. त्यांच्यावर एकमेव पडदा म्हणून भिस्त ठेवू नका. विंडोज सुरू होऊन ड्रायव्हर चढेपर्यंत ते काहीच दाखवत नाहीत, म्हणजे संगणक बिघडून बायोसमध्ये जायची वेळ येते नेमका तेव्हाच पडदा काळा राहतो.

आता वीज. पोर्टेबल मॉनिटर साधारण आठ ते दहा वॉट खातो, प्रकाश पूर्ण वाढवला तर जास्त. संगणकाच्या जुन्या यूएसबी सॉकेटमधून, यूएसबी २ च्या नियमाप्रमाणे, अडीच वॉट मिळतात; यूएसबी ३ मधून साडेचार. मॉनिटर या सॉकेटला लावला की तो कधी चालू होतो, कधी मिचकावतो, प्रकाश वाढवला की बंद पडतो, आणि माणूस समजतो मॉनिटर खराब निघाला. मॉनिटर खराब नसतो, त्याला वीजच अपुरी पडलेली असते. रास्पबेरी पाय-५ ला पाच अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर तो सगळ्या यूएसबी सॉकेटना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. म्हणून मॉनिटरसाठी मोबाइलचा चांगला चार्जर वेगळा ठेवा.

वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात या जोडीचा फायदा सर्वांत ठळक दिसतो. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून साध्या हिशेबाच्या कामाला पंचवीस-तीस वॉट लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या घरगुती यूपीएसवर तेवढ्यात तासभर निघतो. जुन्या जोडीला तोच यूपीएस कामं सेव्ह करून बंद करण्यापुरताच पुरे. मॉनिटर पॉवर बँकेवरही चालतो. २०,००० मिलिअँपिअर-अवरच्या बँकेत सुमारे ७४ वॉट-अवर साठतात. रूपांतरात थोडे जातात, तरी मॉनिटर सहा-सात तास चालावा. यूपीएस मग फक्त मिनी पीसीला ठेवायचा.

मराठी मजकुरासाठी पडदा निवडताना मी आकारापेक्षा अक्षराकडे बघते. १५.६ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला १४१ ठिपके. चोवीस इंचांवर तेवढेच ठिपके पसरतात, तेव्हा इंचाला ९२ येतात. म्हणजे छोट्या पडद्यावर रेषा जास्त सुस्पष्ट असते, पण अक्षर मोठ्या पडद्याच्या दोन तृतीयांशच उरतं. ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘र्‍हा’ अशी जोडाक्षरं आणि वरचे रफार, अनुस्वार चाळिशीच्या डोळ्यांना तिथे गिचमीड वाटतात. मग स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करावं लागतं, अक्षर सुधारतं आणि एक्सेलच्या उजवीकडच्या रकान्यांना जागा उरत नाही. सातबारा, फेरफार, टॅलीचे ताळेबंद रोज पाहणाऱ्याने म्हणून सोळा इंची, २५६० बाय १६०० ठिपक्यांचा, १६:१० प्रमाणाचा पडदा बघावा. तो थोडा उंच असतो, दोन-तीन ओळी जास्त दिसतात आणि १५० टक्क्यांवरही ऐसपैस वाटतो. पंधरा इंचांवर फोर-के मात्र वाया, वीजही जास्त खातं. चौदा इंची पडदा प्रवासापुरता ठीक, रोजच्या आठ तासांना नाही.

प्रकाशाचं माप निट्समध्ये देतात. घरात २५० पुरतात. पाचगणीच्या व्हरांड्यात किंवा उघड्या दाराच्या दुकानात ३०० च्या वरचा घ्या, आणि पृष्ठभाग चकचकीत नको, मॅटच हवा. रंगाबाबत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार. हिशेबाला चालेल, पण लग्नाचे फोटो किंवा पत्रिका छापणाऱ्याने १०० टक्के एसआरजीबीचाच आग्रह धरावा.

दुमडून उभं करायच्या कव्हरपेक्षा मागे पक्का पाय असलेला मॉनिटर बरा. कव्हर काचेच्या टेबलावर घसरतं. मागे ७५ मिलिमीटरची चार भोकं असतील तर घरी मॉनिटर-आर्मवर टांगता येतो आणि मान झुकत नाही. स्पर्शाचा पडदा घेतला तर लक्षात ठेवा, स्पर्श एचडीएमआयमधून जात नाही, त्याला यूएसबी केबल वेगळी लागते. मॉनिटरचे स्पीकर किरकोळ असतात. बहुतेक मिनी पीसींना कॅमेराही नसतो, त्याचे पैसे आधीच धरा.

साधे पंधरा इंची मॉनिटर आठ ते पंधरा हजारांत येतात, सोळा इंची चांगले त्याहून महाग. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मागच्या पट्टीवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर घेऊ नका. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल मागा. धंद्यासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर तो कर बहुधा वळता करून घेता येतो. वॉरंटीचं केंद्र कोणत्या गावात आहे आणि मृत ठिपके किती निघाले तर बदलून देणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. आणि दुकानात जाताना आपला मिनी पीसी, त्याचा अडॅप्टर आणि हातातली केबल पिशवीतून घेऊन जा. तिथेच जोडायला लावा, मराठी फाइल उघडा, प्रकाश पूर्ण वाढवून दहा मिनिटं थांबा. दुकानदार जोडून दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान गाठा.