वैद्यकीय निष्काळजीपणा आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत : एक विवेचन

प्रस्तावना :

उपचारातील निष्काळजीपणामुळे रुग्णाचा मृत्यू ओढवला किंवा त्याला कायमचे अपंगत्व आले, तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क भारतीय कायद्याने मान्य केला आहे. तथापि हा हक्क अमर्याद काळ टिकत नाही. मुदत उलटून गेली की दाव्यातील सत्यासत्यता तपासण्यापूर्वीच तो फेटाळला जाऊ शकतो. मुदतीच्या कायद्यामागे निश्चित तत्त्व आहे : काळाच्या ओघात पुरावा नष्ट होतो, साक्षीदारांची स्मृती क्षीण होते आणि कोणाच्याही डोक्यावर दाव्याची टांगती तलवार कायम असू नये. परंतु शोकग्रस्त कुटुंब सावरेपर्यंतचा काळही याच मुदतीत मोजला जातो. म्हणूनच मुदत किती आहे याइतकेच, ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची आणि दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात त्यांचा ऊहापोह केला आहे.

दिवाणी न्यायालयातील मुदत :

दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू झालेल्या व्यक्तीचा पती वा पत्नी, आईवडील आणि अपत्ये यांच्यासाठी भरपाई मागण्याची तरतूद १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमात आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ८२ नुसार अशा दाव्याची मुदत मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षे आहे. रुग्ण जिवंत असेल, तर शारीरिक इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र अनुच्छेद नसल्यामुळे सामान्यतः अनुच्छेद ११३ लागू होऊन तीन वर्षांची मुदत मिळते. म्हणजे मृत्यूच्या प्रकरणात वारसांना मिळणारा अवधी जखमी रुग्णाला मिळणाऱ्या अवधीपेक्षा कमी आहे.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे विलंबमाफीची. मुदत अधिनियमाचे कलम ५ अपिले व अर्ज यांना लागू होते, मूळ दाव्यांना नाही. प्रतिवादीने हरकत घेतली नसली, तरी कलम ३ नुसार मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे. प्रतिवादीने कपटाने सत्य दडवून ठेवले असल्यास मात्र कलम १७ चा आधार घेता येतो.

ग्राहक आयोगातील मुदत :

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्वाळा दिला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीची मुदत वादकारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ग्राहकाचा मृत्यू झाला असल्यास त्याच्या कायदेशीर वारसांना तक्रार करता येते. विलंबास पुरेसे कारण असल्याची खात्री पटल्यास आयोग कारणे नोंदवून तो माफ करू शकतो.

परंतु सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये १९९५ च्या उपरोक्त निर्णयानुसार या कायद्याबाहेर राहतात. परिणामी अशा रुग्णालयात दगावलेल्या रुग्णाच्या वारसांना भरपाईसाठी प्रामुख्याने दिवाणी न्यायालयाकडेच वळावे लागते. ज्यांच्यापाशी साधने कमी, त्यांच्याच वाट्याला विलंबमाफीची सोय नसलेला मार्ग येतो, ही या व्यवस्थेतील ठळक विसंगती होय.

मुदतीचा प्रारंभ :

इजा उघड असेल तर मुदत त्याच दिवसापासून धावू लागते. इजा दडलेली असेल तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निर्णयात दिले. मुंबईत १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या महिलेच्या पोटातून २००२ मधील दुसऱ्या शस्त्रक्रियेत गॉज निघाला. तक्रार २००४ मध्ये दाखल झाली. इजा सुप्त असल्यास ती कळल्यापासून किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून मुदत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. तरीही तक्रार मुदतबाह्य ठरली. तक्रारदार स्वतः परिचारिका होती आणि सतत वेदना होत असूनही तिने सुमारे नऊ वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधला नाही, हे निर्णायक मानले गेले. सारांश, केवळ अज्ञान पुरेसे नाही. दक्षताही दाखवावी लागते.

अज्ञान बालके आणि वैद्यकीय अभिलेख :

प्रसूतीच्या वेळी इजा झालेल्या बालकास मुदत अधिनियमाच्या कलम ६ व ८ मुळे वयाच्या अठराव्या वर्षानंतर तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. मात्र भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जतन करणे आवश्यक आहे. दाव्याचा हक्क एकविसाव्या वर्षापर्यंत जिवंत असतो, पण तो सिद्ध करणारा कागद चौथ्या वर्षीच नाहीसा होऊ शकतो. याच विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत अभिलेख देणे बंधनकारक असल्याने, नातेवाइकांनी प्रारंभीच लेखी अर्ज करणे हिताचे ठरते.

वैद्यक परिषदेकडील तक्रार किंवा फौजदारी कारवाई प्रलंबित असल्यामुळे भरपाईच्या दाव्याची मुदत थांबत नाही. त्या कारवाईच्या निकालाची वाट पाहताना भरपाईचा हक्क गमावला जाऊ शकतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, समान स्वरूपाच्या हानीसाठी न्यायासन, रुग्णाचे वय आणि रुग्णालयाचा प्रकार यांनुसार मुदतीचे परिणाम भिन्न होतात. अभिलेख जतनाचा कालावधी दाव्याच्या मुदतीशी, विशेषतः अज्ञान बालकांच्या बाबतीत, सुसंगत करणे आणि मृत्यूच्या दाव्यांत दिवाणी न्यायालयास मर्यादित विलंबमाफीचा अधिकार देणे, या दोन सुधारणा विचारार्ह आहेत. मुदतीचा उद्देश शिळे दावे रोखणे हा आहे. ज्याला आपली हानी कळण्याची संधीच मिळाली नाही, त्याची दाद नाकारणे हा नव्हे.