पुस्तक छापलं, निघालं का?

पुस्तकाच्या पोटात : लेखांक ९

गेल्या लेखांकात फर्म्याचा हिशोब पाहिला. १६ पानांचा एक फर्मा, म्हणून १२८ पानांचं पुस्तक आठ फर्म्यांत नेमकं बसतं. १३० पानांचं झालं की नवव्या फर्म्यात शिरतं आणि शेवटी कोरी पानं उरतात. हा हिशोब जमला की छापखान्याचं काम संपतं आणि गठ्ठे टेम्पोतून घरी येतात. आजचा विषय तिथून पुढचा.

मराठीत पुस्तक छापतात आणि पुस्तक ‘निघतं’. गठ्ठे पलंगाखाली गेले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि भेटप्रती दिल्या, फोटो वर्तमानपत्रात आला, तरी पुस्तक निघालेलं असतंच असं नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात ते पडलं, म्हणजे निघालं. प्रकाशक असला की ही जबाबदारी त्याच्यावर असते. लेखक स्वतःच प्रकाशक झाला की खर्चाबरोबर प्रकाशकाची सगळी कामंही त्याच्या अंगावर येतात. ती कोणती, हे पेण-रोह्याच्या वाटेवर चांगलं कळतं.

वरसईची पोथी

पेण तालुक्यात बाळगंगेच्या खोऱ्यात वरसई हे गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचं दारिद्र्य फिटावं म्हणून उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. वाटेत बंडाने गाठलं. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लूट सोसली आणि दक्षिणेऐवजी गंगेची कावड घेऊन ते घरी आले. हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं ते सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या आसपास, भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून.

‘माझा प्रवास’ छापून निघालं १९०७ मध्ये. तेव्हा गोडसे हयात नव्हते. इंग्रजांच्या राज्यात बंडाची हकीकत छापणं जोखमीचं होतं, म्हणून वैद्यांनी भाषा सारखी केली, काही गाळलं, काही बदललं. हीच आवृत्ती जवळजवळ साठ वर्षं मराठी माणूस गोडसे भटजींचं पुस्तक म्हणून वाचत होता. पण वैद्यांनी १९२२ मध्ये एक मोलाचं काम केलं : मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. लिहून झाल्यावर ८३ वर्षांनी वरसईच्या भटजींचा स्वतःचा आवाज वाचकाला ऐकू आला.

आजच्या लेखकाला ८३ वर्षं थांबायची गरज नाही. शंभर प्रतीही डिजिटल यंत्रावर निघतात. पण या पोथीच्या प्रवासात तीन प्रश्न होते : मजकुरावर हात कोणाचा, हक्क कोणाचा आणि जपणार कोण. ते आजही तसेच आहेत.

आखणीचा हात

पेणच्या आणि हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत साच्यातून निघालेली मूर्ती कोणी लगेच देत नाही. ती सुकते, घासली जाते, रंगते आणि शेवटी डोळ्यांच्या आखणीला बसते. आखणीचा कारागीर वेगळा असतो, कारण तो हात सगळ्यांना नसतो. पुस्तकात हेच काम संपादक आणि मुद्रितशोधक करतात. स्वखर्चाच्या पुस्तकात काटकसरीची पहिली कात्री लागते ती नेमकी इथे. ‘मी स्वतः तीनदा तपासलंय’ असं लेखक म्हणतो. आपण लिहिलेलं आपल्याला दिसत नाही. आपल्याला जे लिहायचं होतं ते दिसतं.

त्यात मराठीची एक खास अडचण आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो आणि डीटीपीवाला तो जुन्या फाँटमध्ये फिरवतो. या फेऱ्यात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘दुसऱ्या’तला ऱ तुटतो. म्हणून शेवटचं वाचन फिरवलेल्या मजकुराचं, कागदावर काढलेल्या प्रुफाचं झालं पाहिजे. बोलीतल्या कथा असतील तर आणखी एक पथ्य : आगरी शब्द एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरा असा लिहिला जाऊ नये. तसं व्हायचं नसेल तर लेखकाने आपल्या शब्दांची यादी करून मुद्रितशोधकाला द्यावी. नाहीतर तो ‘चूक’ समजून ते शब्द प्रमाण करून टाकील, आणि १९०७ ची गोष्ट पुन्हा घडेल.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहावी. तिथे हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात. पैशाइतकंच ते परकं वाचन मोलाचं. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत. कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने दिला जातो. त्यासाठी ‘प्रथमावृत्ती’ आणि वर्ष पुस्तकात स्पष्ट छापलेलं असू द्या.

नाव कोणाचं, हक्क कोणाचा

‘एवढ्या रुपयांत छपाई, मुखपृष्ठ आणि आयएसबीएन’ अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिल्यात. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. पुठ्ठा बांधणी, साधी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. क्रमांक दुसऱ्याच्या नावावर घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच राहतो, पैसे तुम्ही भरलेले असले तरी.

करारावर सही करण्यापूर्वी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता समजला जातो. म्हणजे गप्प करार लेखकाच्या बाजूने बोलतो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द मात्र कोणीतरी मुद्दाम घातलेले असतात. ते दिसले की पेन खाली ठेवून विचारावं. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे सही आपण करतो ती नातवंडांच्याही वतीने.

गिऱ्हाईक आधी, गठ्ठा नंतर

पेणचा मूर्तिकार बाजाराचा अंदाज घेतो, बयाणा घेतो आणि मग माल वाढवतो. लेखक उलटं करतो : हजार प्रती छापतो आणि मग वाचक शोधतो. कारण ऑफसेटचा जोडणीखर्च शंभर प्रतींना तोच आणि हजारालाही तोच, त्यामुळे हजाराची एक प्रत स्वस्त दिसते. न विकलेल्या सातशे प्रती हिशोबात धरल्या की हा स्वस्तपणा जातो. शिवाय २०० रुपयांच्या पुस्तकावर वितरकाची सूट ४० टक्के धरली तर लेखकाकडे १२० रुपये येतात, आणि छपाई त्यातूनच निघायची असते.

पुस्तकाचा प्रकार पाहून वाट ठरवावी. कुलवृत्तांताचे वाचक छपाईआधीच ठाऊक असतात. तिथे प्रकाशनपूर्व नोंदणी करून मोजक्याच प्रती काढाव्यात. अवचितगड-घोसाळगडाची वाटाड्या पुस्तिका गिर्यारोहकांच्या हातात पडायला हवी, ती दिवाळी ते फेब्रुवारीच्या हंगामाआधी. गावाच्या इतिहासाला ग्रंथालयं आणि शाळा. कवितासंग्रहाचं मात्र खरं सांगावं : तो बहुधा भेट म्हणून जातो, म्हणून शंभर-दोनशे प्रती पुरे.

वाचक जिथे आधीच जमतो तिथे पुस्तक न्यावं, ही रीत याच मातीतली. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, १९२० चा जन्म. त्यांच्या प्रवचनांची पुस्तकं स्वाध्याय परिवाराच्या स्वतःच्या संस्थेने काढली आणि ती दुकानांच्या फळीपेक्षा केंद्रांतून घरोघर गेली. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भूदानात पायी फिरले, तेव्हा मुक्कामाच्या सभेबरोबर साहित्याची विक्रीही चाले. तेवढी माणसं आपल्यामागे नसतात, पण एखादी दिंडी, मित्रमंडळ, माजी विद्यार्थ्यांचा गट असतो. तिथून सुरुवात होते.

टपालही पुन्हा हाताशी आलं आहे. छापील पुस्तकांची जुनी स्वस्त नोंदणी सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठवर पोचलं तेही कळतं.

चार पाकिटं

आता शेवटचं काम, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. न दिल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड इतका किरकोळ की त्याची भीती कोणाला नाही.

पण दंड बाजूला ठेवा आणि १९२२ साल आठवा. वैद्यांनी ती पोथी घरच्या फडताळात ठेवली असती तर कोकणातल्या पावसाने आणि वाळवीने तिचं काय केलं असतं, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे १९०७ चं पुस्तक तेवढं उरलं असतं, गोडसे भटजी उरले नसते. म्हणून गठ्ठे घरी आले की पहिल्या चार प्रती पाहुण्यांसाठी काढू नका. त्या पाकिटात घाला, पाचवी तालुक्याच्या वाचनालयाच्या दाखलपुस्तकात चढवा, आणि मग शाल-श्रीफळाचं बघा.

(पुढील आठवड्यात : किंमत कशी ठरवायची आणि भेटप्रत कोणाला नाकारायची)