सुपरचार्जरची गाडी : पुली सगळ्यात शेवटी

गाड्यांच्या या गप्पांमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो : "सुपरचार्जर असलेली जुनी गाडी घेतली आहे. नुसती पुली बदलली की ताकद वाढते म्हणतात. बदलू का?" माझं उत्तर असं : बदला, पण सगळ्यात शेवटी. का, ते आज नीट समजून घेऊ.

सुपरचार्जर म्हणजे हवेचा पंप. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, सुपरचार्जर मात्र क्रँकशाफ्टवरच्या बेल्टने फिरतो. म्हणून पाय दाबला की गाडी लगेच उसळते. पण हा पंप फिरवायची ताकद इंजिनच्याच खिशातून जाते. ७०७ हॉर्सपॉवरच्या डॉज हेलकॅटमध्ये पूर्ण जोरात असताना नुसता सुपरचार्जर फिरवायला सुमारे ८० हॉर्सपॉवर लागतात. एका चांगल्या हॅचबॅकचं अख्खं इंजिनच झालं की ते!

उदाहरणाला मी पहिल्या पिढीची मिनी कूपर एस घेतो. जाणकार तिला आर-५३ म्हणतात. १.६ लिटरचं इंजिन, सुरुवातीला १६३ हॉर्सपॉवर आणि ईटन कंपनीचा एम-४५ सुपरचार्जर. भारतात मिनी अधिकृतपणे आली २०१२ मध्ये, तोवर हे मॉडेल बंद झालं होतं. तरी शिकायला ही गाडी उत्तम, कारण हिच्यावर हौशी लोकांनी भरपूर काम केलं आहे. आपल्या रस्त्यांवर मर्सिडीजच्या सी-२०० आणि ई-२०० 'कॉम्प्रेसर' गाड्या दिसतात. सुपरचार्जरचं तत्त्व तिथेही हेच.

मिनीवाल्यांची आवडती सुधारणा म्हणजे सुपरचार्जरवर १५ टक्के लहान पुली. पण गणित बघा. पुली १५ टक्के लहान झाली की पंप १५ नव्हे, जवळपास १८ टक्के जोरात फिरतो. इंजिनची आरपीएम मर्यादा तीच राहते, सुपरचार्जरचा वेग मात्र वाढतो. शिवाय लहान पुलीवर बेल्टची पकड कमी, त्यामुळे बेल्ट घसरण्याची शक्यता जास्त.

पण खरा शत्रू आहे उष्णता. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच इथे होतं. बाहेर ४० अंश तापमान आहे, हवेचा दाब १.७ पट केला आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांची होते. आता दाब १.९ पट नेला आणि जोरात फिरल्यामुळे कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर उतरली, की तीच हवा १५५ अंशांच्या घरात जाते. गरम हवा विरळ असते, म्हणजे वाढवलेल्या दाबातला काही फायदा तिथेच गेला. त्याहून वाईट म्हणजे मिश्रण भलत्या जागी आपोआप पेटायला लागतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. चांगला ईसीयू ते ओळखतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे पैसे खर्चून आणलेली ताकद तोच परत काढून घेतो. आणि त्याला सावरता आलं नाही, तर पिस्टन फुटतो.

आता आपली परिस्थिती बघा. नागपूर, इंदूर किंवा हैदराबादचा मे महिना. बंगळुरूचा किंवा पुण्याचा ट्रॅफिक. मिनीचा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि बॉनेटवरच्या खाचेतून हवा घेतो. गाडी उभी असेल तर त्याला थंड करणार कोण? उलट इंजिनच त्याला खालून तापवतं. त्यात अशा गाडीला ९५ ऑक्टेन किंवा त्यावरचंच पेट्रोल हवं. इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टरची क्षमता लवकर संपते. परदेशातल्या व्हिडिओतली ट्यूनिंग फाइल जशीच्या तशी इथे चालेल, असं म्हणूनच धरून चालू नका.

आणखी एक गोष्ट. आर-५३ मध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच दुसऱ्या टोकाने फिरतो. तिथल्या गिअरचं तेल इंजिन ऑइलपेक्षा वेगळं असतं. जुन्या गाडीत ते कमी झालं की गिअर झिजतात, पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिन तापून गॅस्केट जातं. अशा गाडीवर लहान पुली बसवली तर मरायला टेकलेल्या गिअरला आपणच ढकललं म्हणायचं.

म्हणून माझा क्रम असा असतो.

पहिलं, तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट, सुपरचार्जरचं तेल, बेल्ट आणि टेन्शनर, रेडिएटर, होज पाईप, इंजिन माउंट. यात काहीही कमी असेल तर ताकदीची चर्चा बंद.

दुसरं, मोजमाप. एखाद्या घाटात चढावर ओबीडीवरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि टायमिंग नोंदवा. मूळ अवस्थेतच टायमिंग मागे जात असेल, तर गाडीला ताकद नको आहे, थंडावा हवा आहे.

तिसरं, थंडावा आणि इंधन. चांगला इंटरकूलर, एक पायरी थंड स्पार्क प्लग, गरज असेल तर मोठे इंजेक्टर.

चौथं, ब्रेक, टायर आणि क्लच. जोर वाढला की थांबायची सोयही वाढवायला हवी. रस्त्यावर आपण एकटे नसतो.

मग पुली, आणि तिच्यासोबत त्याच गाडीवर, त्याच पेट्रोलवर केलेलं ट्यूनिंग. त्यातही शेवटचे पाच-दहा हॉर्सपॉवर सोडून द्या. उन्हाळ्यात, वाईट पेट्रोलवर, एसी लावून घाट चढताना इंजिनला वाचवणारी शिल्लक तीच आहे.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. बदल लपवले तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा.

पहिले तीन टप्पे केले की बऱ्याच जणांना पुलीची गरजच वाटत नाही. तापून दबलेली गाडी थंड झाली की तिची हरवलेली ताकद आपोआप परत येते, आणि ती कुठून उसनी आणलेली नसते.