थंडीत दुभत्या गाईच्या सडांची निगा

हिवाळी सामानाच्या यादीत घोंगड्यांबरोबर ग्लिसरीन आणि आयोडीनच्या बाटल्या कशासाठी, असे मंडळीतल्या काही बंधुभगिनींनी विचारले. त्या गाईंसाठी आहेत.

सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे गवतावरचे दव गोठते. आम्ही जातो त्या पाड्यांवर घरात दुभती गाय बहुधा एकच. सडाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ओल्या सडांना गार वारा लागला की त्यांना भेगा पडतात. भेगांत जंतू राहतात. धार काढताना दुखते, गाय लाथ मारते, दूध कासेत तुंबते आणि दगडीचा आजार होतो. कासेचे चार भाग वेगवेगळे असतात. एक सड निकामी झाला की त्या भागाचे दूध पुष्कळदा कायमचे जाते. दुधाच्या पैशावर मुलीचे शिक्षण चालणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नव्हे.

उपाय महाग नाहीत. धारेपूर्वी सड कोमट पाण्याने धुवून स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. माझ्या मते अर्धे काम या पुसण्यातच आहे, आणि नेमके तेच राहून जाते. अंगठा मुडपून ओढण्याऐवजी मुठीने धार काढावी. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन पाहाव्यात. गुठळ्या दिसल्या तर पशुवैद्यकाला लगेच कळवावे.

धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीन-ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवावा. आयोडीन जंतू मारते, ग्लिसरीन कातडी मऊ ठेवते. प्रमाण पशुवैद्यकाकडून घ्यावे, अंदाजाने नको. कडाक्याच्या थंडीत अर्ध्या मिनिटाने उरलेला थेंब टिपावा, मगच गाय वाऱ्यात सोडावी. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. तोवर ती शेणात बसू नये म्हणून पुढ्यात चारा टाकून तिला उभी ठेवावी. (एक आजी तेवढा वेळ गाईशी गप्पा मारतात. गाय ऐकते, असे त्यांचे म्हणणे.)

गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधावे, पण वर हवेला वाट ठेवावी. बसायची जागा कोरडी हवी.

पशुवैद्यकाने सडात औषध सोडले, तर त्यांनी सांगितलेले दिवस ते दूध विकू नये, मुलांनाही देऊ नये. हे सांगणे मला सर्वांत जड जाते, कारण तेवढ्या दिवसांचा घरखर्च त्याच दुधावर असतो.