जीवनातील उंबरठे आणि मंडळीचा आशीर्वाद

मनुष्याच्या आयुष्याची वाट सरळ आणि सपाट नसते. तिला ठिकठिकाणी उंबरठे असतात. जन्म, यौवन, विवाह, स्थलांतर, आजारपण, सेवानिवृत्ती, वैधव्य आणि अखेर मृत्यू, हे ते उंबरठे होत. एक पाय उचललेला असतो आणि तो पलीकडे अद्याप टेकलेला नसतो, अशा अधांतरी क्षणी मनुष्याला सर्वांत अधिक भय वाटते. म्हणूनच प्रत्येक धर्माने ह्या क्षणांभोवती विधींचे कुंपण घातले आहे. बारसे, मुंज, लग्न आणि अंत्येष्टी यांचा अर्थ महाराष्ट्रीय घरांस सांगावयास नको. ख्रिस्ती समाजात हे उंबरठे कसे ओलांडले जातात आणि त्या वेळी उच्चारला जाणारा आशीर्वाद म्हणजे नेमके काय, हे पाहावयाचे असेल, तर त्यासाठी सुरतेसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

सुरत हे मुळातच प्रस्थानाचे शहर. मोगल अमदानीत हजचे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत आणि म्हणून ह्या बंदरास मक्केचे द्वार म्हणत. आर्मेनियन, इंग्रज, डच आणि फ्रेंच व्यापारी येथे आले. त्यांपैकी कित्येक परत गेलेच नाहीत. इ. स. १६६४ च्या स्वारीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन इ. स. १६६९ मध्ये येथेच वारला आणि दहा वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याच्या शेजारी विसावला. त्यांच्या थडग्यांवरील घुमट आजही पाहावयास मिळतात. ह्याच स्वारीची आणखी एक हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निए याने नोंदविली आहे. सुरतेत कापुचिन पंथाचे फादर आंब्रोज नावाचे धर्मगुरू राहत असत. शिवाजी महाराजांनी त्यांच्या निवासास धक्का लावू दिला नाही, असे तो सांगतो. अवघे शहर भयाने पळत असताना एका परक्या साधूचे घर सुरक्षित राहिले, ही घटना महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

सुरतेतील देशी मंडळीचा इतिहास मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे. इ. स. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फाइव्ही हे दोन मिशनरी येथे येऊन राहिले आणि त्यांच्या परिश्रमांतून गुजराती बायबल छापून निघाले. इ. स. १८२५ मध्ये बिशप हेबर ह्या शहरी आले असता त्यांनी तापीच्या काठावरील इंग्रजी चर्चचे समर्पण केले. शतकाच्या मध्यास हे कार्य आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्या मिशनचे नाव धारण करणारी शाळा सुरतेत आजही आहे. दक्षिणेस बुलसर, म्हणजे आजचे वलसाड, येथे इ. स. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतील ब्रेदरन पंथाचे मिशनरी आले. पुढे इ. स. १८९९-१९०० चा घोर दुष्काळ पडला. गुजराती लोक त्यास विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ म्हणतात. त्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना मिशनांनी अनाथाश्रमांत आश्रय दिला. ज्या मुलाला आई नाही, बाप नाही, गोत नाही, त्याच्या नामकरणास, लग्नास आणि अंत्ययात्रेस कोणी उभे राहावयाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर देणे मंडळीला भाग पडले. ख्रिस्ती मराठीत आणि गुजरातीतही चर्चच्या समुदायास ‘मंडळी’ हाच शब्द आहे. आपल्याकडे घरच्या माणसांनाही मंडळीच म्हणतात, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

आता आशीर्वाद ह्या शब्दाकडे वळू. लोकव्यवहारात आशीर्वाद म्हणजे शुभेच्छा, किंवा फार तर संकट टळावे म्हणून वडीलधाऱ्यांनी मस्तकावर ठेवलेला हात. बायबलमधील कल्पना ह्याहून काहीशी निराळी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामास आशीर्वाद मिळतो, तो पंचाहत्तराव्या वर्षी घरदार सोडून अज्ञात देशी जाण्याची आज्ञा होते त्या वेळी. म्हणजे तेथे आशीर्वाद हा विसाव्याचा नसून प्रस्थानाचा आहे. आणि अब्राहामाने स्वतः इतरांस आशीर्वादरूप व्हावे, अशी जबाबदारीही त्यासोबत येते. त्याचा नातू याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि पहाटे आशीर्वाद मिळवितो. परंतु त्या झटापटीत त्याच्या जांघेचा सांधा निखळतो व तो लंगडतच पुढे जातो. आशीर्वाद आणि इजा एकाच रात्रीत पदरी पडतात. तेव्हा आशीर्वाद म्हणजे दुःख टळण्याची हमी, असा अर्थ ह्या ग्रंथास अभिप्रेत नाही. जे ओलांडावयाचे आहे ते एकट्याने ओलांडावे लागणार नाही, एवढेच तो सांगतो. आणि एवढे पुष्कळ आहे.

ख्रिस्ती उपासनेत विशेष प्रचलित असलेला आशीर्वाद गणनेच्या सहाव्या अध्यायातला असून तो अहरोन याजकाच्या नावाने ओळखला जातो. मूळ हिब्रू भाषेत तो अवघ्या पंधरा शब्दांचा आहे. पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत पाच आणि तिसरीत सात, असा तो चढत जातो. इ. स. १९७९ मध्ये यरुशलेमाजवळील एका प्राचीन दफनगुहेत रुप्याचे दोन इवलेसे पत्रे गुंडाळलेल्या स्थितीत सापडले. त्यांवर हाच आशीर्वाद कोरलेला असून ते ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकांतले असावेत, असे विद्वान मानतात. कोणी तरी ते गळ्यात ताइतासारखे बाळगले असावेत आणि मरणानंतरही ते जवळ राहिले. ह्या वचनाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, सर्व समुदायास उद्देशून उच्चारले जात असूनही त्यातील संबोधन एकवचनी आहे. आशीर्वाद सर्वांना मिळतो, परंतु एकेकाला वेगळा मिळतो.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. श्रद्धा आधी की आशीर्वाद आधी? मनात विश्वास उत्पन्न झाल्यावर मंडळीने मस्तकी हात ठेवावा, की हात ठेवल्यामुळे हळूहळू विश्वास उत्पन्न व्हावा? ख्रिस्ती पंथांत ह्याविषयी जुना मतभेद आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत तान्ह्या बालकाचा बाप्तिस्मा होतो. बालकास काहीच कळत नसते. त्याच्या वतीने आईबाप वचन देतात आणि अनेक मंडळ्यांत पाळक जमलेल्या समुदायासही विचारतो की, ह्या बालकास विश्वासात वाढविण्यास तुम्ही साहाय्य कराल काय? समुदाय होकार देतो. पुढे जाणत्या वयात ते मूल स्वमुखाने आपला विश्वास प्रकट करते. ब्रेदरन परंपरेत मात्र आधी समज, मग बाप्तिस्मा. दि. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. गुजरातेतील प्रेस्बिटेरियन व ब्रेदरन परंपरांच्या मंडळ्या त्यात आल्या, तेव्हा ह्या दोन्ही पद्धती एकाच छत्राखाली मान्य करण्यात आल्या. ह्याचा अर्थ असा की, कोणाच्या बाबतीत आशीर्वाद श्रद्धेची वाट पाहतो, तर कोणाच्या बाबतीत श्रद्धा आशीर्वादामागून सावकाश चालत येते. आणि दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

दुसऱ्या वाटेचे उत्कृष्ट उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. इ. स. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. पतीची ती श्रद्धा त्यांची नव्हती. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरास पतीकडे राहावयास गेल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. जातिभेद देवाने नव्हे तर माणसांनी निर्माण केला, हा विचार त्यांच्या मनात पुढे आपोआप उगवला आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या लक्षात येते की, उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ह्या स्त्रीला कोणी ढकलले असते, तर ती कदाचित मागेच फिरली असती. तिला वेळ मिळाला, हाही आशीर्वादाचाच एक प्रकार होय.

विवाहाच्या वेळी मंडळीचा सहभाग अधिक स्पष्ट दिसतो. अनेक चर्चमध्ये नियोजित विवाहाची सूचना आधीच्या रविवारी भर उपासनेत वाचून दाखवितात आणि कोणास रास्त हरकत असल्यास ती कळवावी, असे सांगतात. इ. स. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानेही पूर्वसूचना व नोंद यांचे नियम घालून दिले आहेत. वधूवर जी वचने परस्परांस देतात, त्यांत सुखाइतकाच दुःखाचा, आरोग्याइतकाच आजाराचा आणि संपत्तीइतकाच दारिद्र्याचा उल्लेख असतो. मंगल प्रसंगी अमंगलाचे नाव घेऊ नये, असे मानणाऱ्या आपल्या समाजाला हे काहीसे विचित्र वाटेल. परंतु ज्या आशीर्वादात वाईट दिवसांचा विचारच केलेला नाही, तो वाईट दिवशी उपयोगी पडत नाही. अंत्यविधीतही हाच स्पष्टपणा असतो. शवपेटीवर मूठमूठ माती टाकताना मृत्यूचे नाव टाळले जात नाही. पुनरुत्थानाच्या आशेचा उच्चार त्या मातीच्या साक्षीनेच होतो.

जन्म, विवाह आणि मरण यांना विधी आहेत; परंतु आजच्या सुरतेतील कित्येक उंबरठ्यांना कोणताही विधी नाही. खानदेशातून येणारी तापी खोऱ्यातील रेल्वे ह्या शहरात रोज नवी माणसे आणून सोडते. त्याच मार्गावर नवापूरचे स्थानक आहे. त्याच्या फलाटावरूनच महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा जाते. नवापूर, चिंचपाडा ह्या परिसरात ख्रिस्ती आदिवासींची वस्ती आहे. त्या बाजूचा एखादा तरुण यंत्रमागावर काम धरण्यासाठी सुरतेस येतो, तेव्हा त्याने केवळ जिल्हाच नव्हे तर भाषा, घड्याळ आणि शेजारही बदललेला असतो. ह्या उंबरठ्यासाठी प्रार्थनेच्या पुस्तकात स्वतंत्र पान नसते. काम सुटले, धंदा बुडाला, निवृत्ती आली, मुले दूर गेली, ह्यांसाठीही नसते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लाखो लोक हे शहर सोडून गेले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी काय म्हणावयाचे?

ह्याचे उत्तर साध्या साप्ताहिक उपासनेत आहे. रोग्यांसाठी, प्रवाशांसाठी आणि शोकाकुलांसाठी दर रविवारी मध्यस्थीची प्रार्थना होते आणि शेवटी तेच पुरातन आशीर्वचन उच्चारले जाते. सुखाच्या दिवसांत ते शेकडो वेळा कानांवरून जाते. अर्ध्या वेळी त्याकडे लक्षही नसते. परंतु संकट कोसळले म्हणजे नवी प्रार्थना सुचत नाही, जुनी आठवते. बुडणाऱ्या मनुष्याला त्या क्षणी पोहणे शिकविता येत नाही. आधी शिकलेले असेल तेच हातपाय मारतात. श्रद्धेचेही तसेच आहे. ती मोठ्या प्रसंगी अकस्मात सापडल्यासारखी वाटते खरी. तथापि ती लहान दिवसांत साठत आलेली असते. आणि ज्याच्याजवळ काहीच साठलेले नाही, त्याच्या वतीने तोवर शेजारच्या बाकावरचा मनुष्य प्रार्थना करतो. मंडळी असावयाची ती ह्याचसाठी.

अर्थात मंडळी ही माणसांचीच असते आणि ती चुकतेही. ज्या ऐक्याचा वर उल्लेख आला, त्यावरूनच पुढे दक्षिण गुजरातेतील काही ठिकाणी मतभेद होऊन प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. जातीची जुनी सावली भारतातील चर्चमधून सर्वस्वी गेली, असेही म्हणवत नाही. लग्नाचा थाट वाढतो आणि वचनांकडे कोणाचे लक्ष राहत नाही; बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला सामुदायिक होकार जेवणावळ संपताच विसरला जातो. नव्याने शहरात आलेला मनुष्य शेवटच्या बाकावर बसून तसाच निघून जातो व त्याचे नाव कोणी विचारीत नाही. अशा वेळी पाळकाने दोन्ही हात उभारून उच्चारलेला आशीर्वाद खोटा ठरत नाही. परंतु तो पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनी ते केलेले नसते.

जुन्या मंडळ्यांत एक चांगली रीत आहे. कुटुंब दुसऱ्या गावी जावयास निघाले म्हणजे तेथील मंडळीच्या नावे त्यास सभासदत्वाचे पत्र देतात. त्या पत्राचा आशय एवढाच असतो की, ही आमची माणसे आहेत, आता ती तुमची समजा. कागद लहान, मजकूर त्याहून लहान. पण उंबरठ्याच्या अलीकडचा एक हात आणि पलीकडचा एक हात त्यावर असतो. आशीर्वादाचा व्यावहारिक अर्थ विचारणाऱ्यास हे पत्र दाखवावे. रविवारी उपासना आटोपून मंडळी दाराशी येते, तेव्हा कोणी इस्पितळात जावयाचे असते, कोणी रातपाळीस, कोणी नवापूरच्या गाडीस. आशीर्वचन दारापर्यंतच ऐकू येते. दारापलीकडे ते शेजाऱ्याच्या रूपानेच सोबत येते.