१०३च्या अलीकडे

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकला की पाळीव कुत्री सांभाळणाऱ्यांची एकच मागणी सुरू होते : "ताई, सरसकट भादरून टाका." माणसाला उकडलं की तो केस बारीक करतो, कुत्र्यालाही तेच हवं असणार, असा त्यामागचा साधा हिशेब. रिंग रोडलगतच्या एका दवाखान्यात कुत्र्यांचं न्हाणं-विंचरणं बघणाऱ्या ताई मात्र या कामाला चक्क नाही म्हणतात. चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं माणूस कसं काम करतं ते बघावंसं वाटलं, म्हणून ही भेट.

सकाळी आठलाच ऊन चटका देत होतं. आत रबरी चटई अंथरलेल्या टेबलावर एक पांढरीशुभ्र मादी उभी. खानदेशातल्या घरांत हिला पॉमेरियन म्हणतात. जात खरं तर इंडियन स्पिट्झ. अस्सल पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोंचा, ही सहाच्या आसपास. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी याच जातीचा. परदेशी कुत्री आणणं अवघड होतं त्या काळात मध्यमवर्गीय घरांत हीच जात रुळली. अंगानं लहान, खायला बेताचं, दारात कुणी आलं की भुंकून गल्ली जागी करणारी.

ताईंनी आधी थर्मामीटर लावला. "१०१. चला, १०३च्या अलीकडे आहे." निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्यापुढे काटा सरकला की त्या न्हाणं, विंचरणं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना हाक मारतात.

मग कंगवा. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर लांब, राठ केस आणि खाली कापसासारखी दाट लव. ताईंनी पाठीवरचे केस डाव्या हातानं उलटे धरले. मुळाशी गुलाबी कातडी दिसली. "भाऊ, हे बघा. वरचं छप्पर काढलं तर ऊन थेट इथं बसतं. भाजते कातडी. आणि केस परत येतात तेही कुठं येतात, कुठं येत नाहीत." काढायची असते ती खालची सुटलेली लव. तारांच्या ब्रशनं त्या एकेक पट्टा विंचरत गेल्या; कानांमागे आणि मांड्यांत, जिथं गुठळ्या होतात, तिथं हात हळू झाला. अर्ध्या तासात टेबलाखाली लवेचा ढीग जमला. ओल्या गुठळ्या आणखी आवळतात, म्हणून अंघोळ नंतर. नखं, कान, बोटांमधल्या गोचिडी हे रोजचं काम चटकन उरकलं.

मालक धुळ्याहून आलेले. कुत्री कण्हली तशी सोबतची आजी पुढं झाली, "काय व्हयनं माय तुले?" ताईंनी मालकांना गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घ्यायला सांगितला, कारण लहान जातींची श्वासनळी नाजूक असते. शेवभाजीचा रस्सा चाटायला देऊ नका, असंही बजावलं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुका मूत्रपिंडावर जातात.

बोलणं पुन्हा उन्हावर आलं. कुत्र्याला घाम येतो तो बहुतेक तळपायांनाच. बाकी सगळी भिस्त धापेवर : जीभ आणि नाकातलं पाणी वाफ होऊन जातं, तशी उष्णताही जाते. खानदेशची कोरडी हवा यासाठी एका परीनं बरी. पण दारं-खिडक्या लावून कूलर सुरू ठेवला की खोली दमट होते आणि धापेचा उपयोग उरत नाही. खिडकी उघडी हवीच.

इथंच पगची पंचाईत होते. २००३च्या हच कंपनीच्या जाहिरातीनंतर तो घरोघरी पोचला, पण चपट्या नाकातून धाप लागणार तरी कशी? लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२२च्या अभ्यासात, वर्षभरात कुठला ना कुठला आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या जवळपास दुप्पट आढळली. गोंडस दिसावा म्हणून माणसानं नाक आखूड करत नेलं. त्याची किंमत कुत्रा मोजतो.

ऊन लागलंच तर काय करायचं, हे ताई प्रत्येकाला तोंडपाठ करून पाठवतात. सावलीत घ्या, अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. "आणि १०३वर आलं की पाणी थांबवा. नाहीतर नंतर फार खाली जातं." मग दवाखाना गाठायचा, आधी थंडावा, नंतर गाडी.

तेवढ्यात एक गृहस्थ मोबाइलवर पगच्या पिलाचा फोटो घेऊन आले. वय ३५ दिवस, विकणारा घाई करतोय म्हणे. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, हे ताईंनी सांगितलं. पाठोपाठ प्रश्न : "दुपारी घरात कोण असतं, भाऊ?" कुणी नाही; दोघंही नोकरीला, घर तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. ताईंनी थर्मामीटर पुसत पुन्हा १०३चा हिशेब समजावला. गृहस्थांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कूलर केवढा घ्यावा लागेल?"